सोडलेले पाखरू कुठून जाते? तुटलेल्या रानातली पक्ष्यांची वाटचाल

बेळगाव जिल्ह्यातल्या नंदगडच्या बाजूला एका शेतातल्या कठडा नसलेल्या विहिरीत मार्च महिन्यात एक मोर पडला. दोर, टोपली आणि विहिरीत पोहणारा एक धीट पोरगा यांच्या आधारावर त्याला बाहेर काढण्यात आले. पिसारा भिजून जड झालेला असला तरी त्याला फारशी इजा झालेली नव्हती. जमलेल्या मंडळींनी चांगल्या हेतूने असे ठरवले की शेतापेक्षा जंगलच त्याला मानवेल, आणि संध्याकाळ व्हायच्या आत तो टेम्पोतून रस्त्याने तीसेक किलोमीटर दूर, जांबोटीच्या पलीकडच्या दाट झाडीत सोडला गेला. दुसऱ्या दिवशी त्या शेताचे मालक असलेले आजोबा मला म्हणाले, "तिकडं सोडून आलासा खरं, त्याला वाट ठाऊक हाय काय?" आमच्या सीमाभागातल्या बोलीत 'खरं' हा शब्द 'पण' या अर्थाने येतो. आजोबांनी साध्या शब्दांत विचारलेला हा प्रश्न पक्षिशास्त्रातल्या एका मोठ्या आणि अजून पुरत्या न उलगडलेल्या विषयाच्या मुळाशी जाणारा आहे. एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेलेला रानपक्षी, जंगलाचे तुकडे झालेल्या मुलखातून नेमका कसा हिंडतो, कशाला बिचकतो आणि कशाच्या आधाराने पुढे सरकतो, हे समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम एका शब्दाबद्दल सांगितले पाहिजे. बेळगाव-खानापूरकडे 'रान' म्हणजे जंगलही आणि शेतही. 'बाबा रानात गेलेत' याचा अर्थ बाबा नांगर घेऊन गेले आहेत असाच बहुतेक वेळा असतो. माणसाच्या बोलण्यात ही दोन्ही राने एका शब्दात सुखाने नांदतात, परंतु पक्ष्यांच्या लेखी त्यांत फार मोठा फरक असतो, आणि हा फरक प्रत्येक जातीच्या पक्ष्यासाठी वेगळा असतो. हा फरक ध्यानात न घेता आपण 'रानातले पाखरू रानात सोडले' असे म्हणून समाधान मानतो, आणि चूक बहुधा तिथेच होते.

तुकडे झाले म्हणजे काय झाले?

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला कणकुंबी, आमगाव, जांबोटी हा धो-धो पावसाचा पट्टा आहे. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, म्हादई भीमगडच्या जंगलात जन्म घेते, आणि या भागातले १९० चौरस किलोमीटरचे जंगल २०११ साली भीमगड अभयारण्य म्हणून जाहीर झाले. तिथून पूर्वेकडे सरकावे तसा पाऊस झपाट्याने कमी होतो, आणि नंदगड, बिडी, कित्तूर ओलांडून सौंदत्तीकडे जाईपर्यंत सदाहरित झाडी संपून पानगळीचे जंगल, मग झुडपे, मग काळ्या मातीचे उघडे शिवार आणि माळ लागतात. ही उतरंड निसर्गाचीच आहे. तिच्यावर माणसाने आणखी रेघा ओढल्या आहेत: भातखाचरे, काजूच्या बागा, निलगिरी आणि अकेशियाच्या लागवडी, उसाचे फड, लोंढ्याकडे जाणारा लोहमार्ग, गोव्याकडे जाणारे रस्ते. एकेकाळी सलग असलेली झाडी त्यामुळे आज अनेक ठिकाणी बेटांसारखी उरली आहे.

तुकडे झाल्याने जंगल नुसते कमी होत नाही, त्याचा गाभा आक्रसतो. एक सोपे गणित करून पाहू. एक किलोमीटर लांब आणि तितकेच रुंद, म्हणजे १०० हेक्टरचे चौकोनी जंगल घ्या. उघड्या बाजूने येणारे ऊन, वारा, गुरे आणि कुत्री यांचा परिणाम कडेपासून १०० मीटर आतपर्यंत पोचतो असे धरले, तर आत शांत, सावलीचा असा ६४ हेक्टरांचा गाभा उरतो. आता त्याच जंगलाचे, एक झाडही न तोडता, पाचशे मीटर बाजूचे चार वेगळे चौकोन झाले असे समजा. प्रत्येकाचा गाभा ९ हेक्टर, चारही मिळून ३६. कागदावर जंगल तेवढेच राहिले, परंतु ज्या पक्ष्याला गाभा लागतो त्याचे घर जवळजवळ निम्मे झाले. शिवाय एका तुकड्यातली जोडी मेली किंवा त्यात जन्मलेल्या पिलाला स्वतःची जागा शोधायची वेळ आली, तर दुसऱ्या तुकड्यातून कुणी तरी येणे किंवा तिकडे कुणी तरी जाणे आवश्यक असते. म्हणून तुकड्यांच्या मधल्या मुलखाचा प्रश्न तुकड्यांइतकाच महत्त्वाचा ठरतो.

पंख आहेत, मग अडचण कसली?

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि तो रास्तही आहे. आपल्याच जिल्ह्यात गोकाकजवळ धुपदाळच्या जलाशयावर, घटप्रभा पक्षी अभयारण्यात, हिवाळ्यात कांड्या करकोचे येतात. मध्य आशियातून हिमालय ओलांडून येणाऱ्या पक्ष्याला दोन शेतांमधली मोकळी जागा काय अडवणार? १९५२ साली वेल्सच्या किनाऱ्याजवळच्या स्कोकहोम बेटावरून शिअरवॉटर जातीचा एक समुद्रपक्षी विमानाने अटलांटिकपलीकडे बोस्टनला नेऊन सोडण्यात आला होता. सुमारे ५ हजार किलोमीटरचे अंतर कापून तो साडेबारा दिवसांत आपल्या बिळात परतला. अशा गोष्टी ऐकल्या की 'पक्षी' म्हणजे मनाला येईल तिथे जाणारा जीव अशी आपली समजूत पक्की होते.

याच्या नेमक्या उलट टोकाचा प्रयोग पनामात झाला. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदीवर धरण बांधल्याने जी टेकड्यांची बेटे झाली, त्यांच्यावरून दाट जंगलातले कित्येक पक्षी पुढच्या दशकांत नाहीसे झाले. ते पुन्हा किनाऱ्यावरून बेटांवर का आले नाहीत, हे पाहण्यासाठी संशोधकांनी जंगलात राहणारे पक्षी पकडून होडीतून नेले आणि किनाऱ्यापासून ठरावीक अंतरांवर पाण्यावर सोडले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात काही जातींचे पक्षी सहज किनाऱ्याला लागले, तर काहींना १०० मीटरसुद्धा सलग उडणे जमले नाही. आणि बेटांवरून ज्या जाती नाहीशा झाल्या होत्या, त्याच या परीक्षेत मागे पडणाऱ्या होत्या. शंभर मीटर म्हणजे आपल्याकडच्या एका बऱ्यापैकी भातखाचराची लांबी.

याची कारणे अंगात आहेत आणि स्वभावातही. दाट झाडीत खालच्या थरात राहणाऱ्या पक्ष्याचे पंख आखूड आणि गोलसर असतात. फांद्यांमधून वळणे घेत चारदोन मीटर झेपावण्यासाठी ते उत्तम असतात, लांब सरळ उड्डाणासाठी नसतात. त्याचे डोळे अंधुक उजेडाला सरावलेले असतात, त्यामुळे लख्ख उन्हाचा उघडा पट्टा त्याला आंधळा करणारा वाटत असण्याची शक्यता आहे. शिक्रा झेप घालेल तेव्हा शिरायला झुडूप नसणे, हे तर सरळ जिवावरचे संकट. त्यामुळे 'जाता येत नाही' आणि 'जाण्याचे धाडस होत नाही' या दोन गोष्टी बहुधा एकत्रच काम करतात.

धाडसाचा भाग किती मोठा आहे, हे कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातील अभ्यासांनी दाखवले. शत्रू दिसल्यावर चिकडी हा लहान पक्षी जो गलका करतो त्याचे ध्वनिमुद्रण वाजवून संशोधकांनी जंगलातल्या पक्ष्यांना एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे बोलावले आणि ते कोणत्या वाटेने येतात ते पाहिले. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार झाडीतून येण्याची सोय असेल तर बहुतेक पक्षी तीच वाट धरत, मग ती उघड्यावरच्या जवळच्या वाटेपेक्षा तिप्पट लांब का असेना. पुढे २००१ साली आलेल्या दुसऱ्या अभ्यासात आपापल्या हद्दीत जोडी करून राहिलेले नर पकडून एक ते चार किलोमीटर दूर नेऊन सोडले गेले. जिथे मधल्या मुलखात झाडी भरपूर होती तिथले नर लवकर परतले, जिथे ती विरळ होती तिथल्यांना जास्त वेळ लागला. अंतर तेवढेच असूनही.

कणकुंबीजवळ रस्ता रुंद केलेल्या एका जागी मी नोव्हेंबरमधल्या एका सकाळी हेच अगदी जवळून पाहिले आहे. मिश्र थवा येत होता. पुढे भृंगराज, वर शेंड्याला निखार, आणि खाली झुडपांच्या उंचीवर लहान सातभाईंची चिवचिवणारी रांग. भृंगराज रस्ता ओलांडून गेला, निखार आपल्या नादात वरच्या वर पलीकडे गेले. सातभाई मात्र शेवटच्या कारवीच्या झुडपाशी येऊन थबकले. एक जण पुढच्या काडीवर आला, मान वाकडी करून त्याने उघड्या डांबराकडे पाहिले, शेपटी दोनदा खाली-वर केली आणि मागे वळला. पलीकडून भृंगराजाची शीळ येत राहिली. पाचेक मिनिटांनी सातभाईंचा आवाज आतल्या बाजूला, उतारावर खाली ऐकू येऊ लागला. थवा तिथे फुटला होता. एका सकाळीच्या निरीक्षणावरून सिद्धान्त मांडता येत नाही हे मी जाणतो, परंतु तेव्हापासून रस्त्याच्या रुंदीकडे पाहण्याची माझी नजर बदलली आहे.

मुद्दाम हलवून का पाहतात?

पक्षी स्वतःच्या मर्जीने हिंडत असताना तो उघड्यावर का जात नाही हे सांगणे कठीण असते, कारण कदाचित त्याला जायचेच नसेल. त्याचे घर मागे, आणि तो दुसरीकडे, अशी स्थिती निर्माण केली की त्याला परतण्याची ओढ लागते, आणि तो कोणती वाट पत्करतो हे पाहता येते. म्हणून अशा अभ्यासांत पक्ष्याला थोड्याच अंतरावर नेऊन सोडतात आणि त्याच्या पाठीवर लहानसा रेडिओ प्रक्षेपक बसवतात. या यंत्राचे वजन पक्ष्याच्या वजनाच्या साधारण तीन ते पाच टक्क्यांच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे. वीस ग्रॅमच्या पक्ष्याच्या बाबतीत तीन टक्के म्हणजे ०.६ ग्रॅम. मग हातात अँटेना घेऊन संशोधक त्याच्या मागावर चालतात, दोनतीन जागांवरून प्रक्षेपकाच्या संकेताची दिशा घेतात आणि त्या रेषा जिथे छेदतात तिथे पक्षी आहे असे मानतात.

अशा अभ्यासांपैकी मला आपल्या मुलखाशी सर्वांत जवळचा वाटतो तो कोस्टा रिकाच्या ग्वानाकास्ते भागातला, २००८ साली प्रसिद्ध झालेला. तिथेही कोरड्या ऋतूचे जंगल आहे, ते तोडून कुरणे झाली आहेत, आणि मधून ओढे वाहतात. संशोधकांनी दोन जाती निवडल्या: पट्टेरी अँटश्राइक हा झाडी न सोडणारा पक्षी, आणि तांबूस मानेचा रेन हा कुठेही जमवून घेणारा. दोन्ही पक्षी घरापासून फार तर दोनेक किलोमीटरवर, तीन प्रकारच्या जागी सोडले: ओढ्याकाठच्या झाडीचा पट्टा घराकडे जातो अशा जागी, कुंपणाच्या झाडांची एकेरी ओळ जाते अशा जागी, आणि नुसते कुरण आहे अशा जागी. अँटश्राइक ओढ्याकाठच्या झाडीतून सर्वांत लवकर आणि सर्वाधिक संख्येने परतले. कुंपणाची ओळ त्यांना तेवढी उपयोगी पडली नाही. रेनला मात्र यातल्या कशानेच फारसा फरक पडला नाही. म्हणजे नकाशावर जी हिरवी रेघ दिसते ती वाट आहे की नाही, हे रेघेच्या रुंदीवर आणि पक्ष्याच्या जातीवर अवलंबून असते.

कोस्टा रिकातच एका फुलचुख्या पक्ष्याच्या, म्हणजे ग्रीन हर्मिट या हमिंगबर्डच्या बाबतीत, २००९ साली असे दिसून आले की सलग जंगलातून तो जवळजवळ सरळ घरी येतो, पण झाडी तुटलेल्या भागात तीच घरवापसी तो झाडोऱ्याच्या कडेकडेने, वळसे घेत करतो. ज्याला दिवसभर सतत मध प्यावा लागतो अशा चिमुकल्या जिवाला प्रत्येक वळसा उपासमारीच्या जवळ नेतो.

चिलीच्या चिलोए बेटावरचा, २००६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास थोडा आशा वाढवणारा आहे. चुकाओ नावाचा जमिनीलगत राहणारा पक्षी तिथे जंगलाच्या लहान तुकड्यांत नेऊन सोडला. ज्या तुकड्याभोवती उघडे कुरण होते तिथून तो बाहेर पडायला खूप वेळ लावत असे. जिथे झाडीचा जोडपट्टा होता तिथून लवकर निघे. परंतु जिथे जोडपट्टा नव्हता, फक्त भोवती दाट झुडपे होती, तिथूनही तो जवळजवळ तितक्याच सहजतेने बाहेर पडे. याचा अर्थ, प्रत्येक ठिकाणी नवे जंगल उभे करायची गरज नसते. मधल्या मुलखातली झुडपे राहू दिली तरी वाट तयार होते. बांध साफ करण्याच्या नावाखाली आपण जी करवंद, घाणेरी, निरगुडी दरवर्षी जाळतो, तिच्याविषयी मला यामुळे वेगळा विचार करावासा वाटतो. घाणेरी बाहेरून आलेली आणि पसरणारी आहे हे खरेच, पण ती काढायची तर तिच्या जागी काही तरी झुडूप हवे.

सोडल्यानंतरचे पहिले दिवस

पिशवीतून किंवा खोक्यातून बाहेर पडलेला पक्षी भुर्रकन उडाला की आपण टाळ्या वाजवतो आणि गोष्ट तिथे संपली असे मानतो. त्याची गोष्ट मात्र तिथे सुरू होते. पकडल्याच्या धसक्याने त्याचे शरीर ताणाखाली असते. कुठे पाणी आहे, रात्री कुठल्या झाडावर बसायचे, ससाणा कोणत्या दिशेने येतो, यातले काहीच त्याला ठाऊक नसते. चांगली वाटणारी प्रत्येक जागा आधीच कुणाची तरी असते, आणि तो मालक त्याला हुसकावतो. म्हणून स्थलांतरित केलेल्या पक्ष्यांपैकी जे मरतात त्यांच्यातले पुष्कळ पहिल्या काही आठवड्यांत मरतात. जे जगतात ते आधी लपतात, मग आसपास फेऱ्या मारून परिसर चाचपतात, आणि शेवटी एक तर तिथेच स्थिरावतात किंवा घराकडे निघतात.

घराकडे निघणे वयावर फार अवलंबून असते. हॉलंडचे पर्डेक यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग यासाठी आजही आठवला जातो. शरद ऋतूत हेग शहराजवळून जाणारे ११ हजारांहून अधिक स्टार्लिंग पक्षी पकडून, पायांत ओळखीची कडी घालून, ते स्वित्झर्लंडमध्ये नेऊन सोडले गेले. आपल्या साळुंकीच्या कुळातलेच हे पक्षी. आधी एकदा तो प्रवास केलेल्या प्रौढांनी दिशा बदलली आणि ते आपल्या नेहमीच्या हिवाळी मुक्कामाकडे, उत्तर फ्रान्स-इंग्लंडच्या बाजूला वळले. पहिल्यांदाच निघालेली पोरे मात्र जन्मजात दिशा धरून सरळ जात राहिली आणि फ्रान्सच्या दक्षिणेला व स्पेनला पोचली. प्रौढाला आपण कुठे आहोत हे कळले होते, पिलाला फक्त कोणत्या दिशेला जायचे एवढेच ठाऊक होते. म्हणून प्रौढ पक्षी दूर सोडला तर तो परतण्याच्या खटपटीत धोका पत्करतो, आणि अननुभवी पक्षी दूर सोडला तर भलतीकडे जातो.

आणखी एक बाब आपल्या भागासाठी फार महत्त्वाची आहे. खानापूरच्या दक्षिणेला लागून असलेल्या दांडेलीच्या परिसरात धनेशांच्या चार जाती आहेत, आणि तिथे २०११ साली धनेशांसाठी राखीव क्षेत्रही झाले. धनेशाला मोकळ्या जागेची भीती नसते. तो एका उंबरावरून दुसऱ्या वडापर्यंत शेतांवरून, गावावरून, पंखांचा घुमघुम आवाज करीत जातो. परंतु विणीच्या काळात मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, दार विष्ठा आणि मातीने लिंपले जाते, फक्त चोचीपुरती फट उरते, आणि आठवडेच्या आठवडे नर तिला व पिलांना फळे आणून भरवतो. फेब्रुवारी ते मेच्या दरम्यान तारेला धडकून पडलेला नर धनेश सापडला, दोन दिवसांत बरा झाला आणि 'सुरक्षित' म्हणून चाळीस किलोमीटरवर सोडला, तर कुठल्या तरी ढोलीत त्याचे अख्खे कुटुंब उपाशी राहते. ते कुणाला दिसतही नाही.

मोराची वाट

आजोबांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे म्हणून मी मे महिन्यात जांबोटीपासून खानापूरपर्यंत मलप्रभेच्या काठाने चालत आलो. पाणी आटलेले होते, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी पात्रातूनच चालता आले. सुरुवातीला दोन्ही काठांवर जांभूळ, करंज, उंबर, वाळुंज आणि बांबूची बेटे इतकी दाट आहेत की भर दुपारी नदीत संध्याकाळ वाटते. तिथे मला पाचू कवडा पात्रावरून तिरासारखा जाताना दिसला, आणि एकदा कर्ण या दाट झाडीतल्या पक्ष्याची कण्हल्यासारखी साद ऐकू आली. मग भातखाचरे काठाला येऊन भिडली. शेतकऱ्याने शेवटच्या ओळीपर्यंत जमीन कसायला घेतली की काठाची झाडे एकेक करून जातात, पंपाची खोली येते, मातीसाठी कड खणली जाते. शंभर पावलांहून रुंद अशी झाडी नसलेली खिंडारे मी मोजायला लागलो, आणि हब्बनहट्टी मागे टाकून पुढे आल्यावर ती दोन हातांच्या बोटांवर मावेनाशी झाली. खानापूरनंतर लोहमार्ग, रुंद झालेला हमरस्ता, आणि त्यापुढे नंदगडच्या दिशेने ऊस.

कर्णासारख्या पक्ष्यासाठी ही वाट खिंडारांपाशी तुटते. मोरासाठी तिचे वाचन वेगळे करावे लागते, आणि मला हे चालतानाच उमगले. मोर हा मुळात झुडुपी रानाचा, पानगळीच्या जंगलाचा आणि शेतांच्या कडेचा पक्षी आहे, कोंदट सदाहरित झाडी तो टाळतो. म्हणजे ज्या ठिकाणी त्याला 'घरी' म्हणून सोडले तेच त्याला परके, आणि ज्या शेतातून उचलले तेच त्याचे घर होते. उघडे शेत ओलांडण्याची त्याला तितकी भीती नाही, चार-पाच किलो वजनाचा हा पक्षी बराचसा चालतच जातो. त्याला हवे असते ते रात्री बसायला उंच झाड, दिवसा शिरायला झुडूप, आणि कुत्र्यांपासून सुटका. त्याच्या वाटेतली संकटे म्हणजे गावे, मोकाट कुत्री, हमरस्त्यावरची रात्रीची वाहने. आणि पूर्वेकडचा ऊस तर आज दहा फुटांचा आडोसा आणि तोडणी झाली की दुसऱ्या दिवशी उघडे मैदान. हिरवे दिसते म्हणून त्याला कायमची वाट समजणे चुकीचे आहे, कारण ती वाट साखर कारखान्याच्या हंगामाप्रमाणे उघडते आणि मिटते.

उलट बाजूही सांगायला हवी. सौंदत्ती-रामदुर्गाकडच्या माळावर चंडोल, टिटवी, पखुर्डी यांना उघडेपणाच हवा असतो. तिथे 'ओसाड' जागा म्हणून निलगिरी किंवा अकेशियाच्या रांगा लावल्या की त्यांचा मुलूख तुटतो, तसाच, जसा सातभाईंचा रस्त्याने तुटतो. कणकुंबीच्या बाजूचे जांभ्याचे गवताळ सडेही नैसर्गिकरीत्याच मोकळे आहेत. ते झाडांनी भरून काढणे म्हणजे जोडणे नव्हे.

यावरून हाताशी सापडलेल्या पक्ष्याचे काय करावे, हे बऱ्यापैकी स्पष्ट होते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार रानपक्ष्याला परवानगीशिवाय पकडणे, पाळणे किंवा दुसरीकडे नेणे हा गुन्हा आहे, आणि मोर तर सर्वोच्च संरक्षणाच्या यादीत आहे. त्यामुळे पहिली गोष्ट म्हणजे वनखात्याला कळवणे. तोपर्यंत पक्षी हवेची भोके असलेल्या अंधाऱ्या खोक्यात, गोंगाटापासून दूर ठेवावा आणि त्याच्या चोचीत बळेच पाणी ओतू नये, ते फुफ्फुसात जाते. प्रौढ आणि धडधाकट असेल तर तो जिथे सापडला तिथेच, शक्य तितक्या लवकर, पण उजेड असताना, जवळच्या आडोशापाशी सोडला जावा असा आग्रह धरावा. जूनच्या पहिल्या पावसात किंवा ऑक्टोबरात व्हरांड्याच्या काचेला आपटून पडणारा नवरंग याला थोडासा अपवाद वाटेल, कारण तो वाटसरू असतो, परंतु त्यालाही जंगलाच्या सहलीची गरज नसते, परसातल्या दाट झुडपाखाली तासभर शांतता मिळाली तरी पुरते. दूर नेण्याची वेळ आलीच, तर कुठे सापडला, कधी, कुठे सोडला, पायात कडी होती का, एवढे तरी लिहून ठेवावे. आमच्या मोराच्या पायात कडी नव्हती आणि त्याच्याबद्दल कुणी काही लिहूनही ठेवले नाही. त्यामुळे पुढच्या पावसाळ्यात नंदगडच्या शिवारात जो मोर ओरडू लागला तो तोच की दुसरा, याचे उत्तर मी आजोबांना देऊ शकलो नाही.

मी त्यांना एवढेच सांगितले की वाट त्याला ठाऊक असती तरी ती जागोजागी तुटलेली आहे. त्यांनी ते ऐकून घेतले. विहिरीपासून ओढ्यापर्यंतच्या बांधावर त्यांची सात करंजे आणि एक मोठी चिंच आहे, आणि त्यातली दोन करंजे उसावर सावली पडते म्हणून त्या वर्षी तोडायची ठरली होती. ती अजून उभी आहेत. विहिरीला दिवाळीनंतर छातीएवढा दगडी कठडा बांधून झाला.